गाडीचा ईसीएम खरंच उडालाय का? नवा बसवण्याआधी काय तपासायचं आणि दुरुस्तीचा हक्क कुणाचा?

सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे. त्यानंतरची मुख्य अमृतस्नानं २०२७ च्या ऐन पावसाळ्यात येतात. पहिलं २ ऑगस्टला, दुसरं ३१ ऑगस्टला आणि तिसरं नाशिकला ११ सप्टेंबरला, तर त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबरला.

रस्ते, पार्किंग, घाट आणि गर्दी यांवर भरपूर चर्चा सुरू आहे. या काळात त्र्यंबकच्या रस्त्यावर उतरणाऱ्या हजारो गाड्यांबद्दल मात्र एक प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. त्यातली एखादी भर पावसात बंद पडली, तर ती दुरुस्त कोण करणार आणि कितीला?

आजची गाडी बंद पडली की बऱ्याचदा एकच वाक्य ऐकू येतं, 'ईसीएम गेलाय, नवा टाकावा लागेल.' ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. छोट्या गाडीचा नवा ईसीएमही हजारोंच्या घरात जातो आणि महागड्या गाडीचा तर लाखाच्या आसपास. पिवळ्या पाटीची गाडी चालवणाऱ्याला हा खर्च म्हणजे कित्येक दिवसांची कमाई, आणि गाडी उभी राहिल्याने बुडालेला धंदा वेगळाच.

पण ईसीएम खरंच इतक्या वेळा खराब होतो का? आणि तो खराब झालाय की नाही, हे ठरवायचं कसं?

ईसीएम नेमकं काय करतो?

ईसीएम हा साधारण वहीच्या आकाराचा, बहुतेकदा ॲल्युमिनियमचा डबा असतो. काही गाड्यांमध्ये तो इंजिनजवळ असतो, काहींमध्ये डॅशबोर्डखाली. आत एक सर्किट बोर्ड आणि त्यावर मायक्रोकंट्रोलर असतो.

त्याचं काम तीन टप्प्यांत चालतं. आधी तो सेन्सरकडून माहिती घेतो. क्रँकशाफ्ट किती वेगाने फिरतोय, हवा किती आत येतेय, इंजिन किती गरम आहे, ॲक्सिलरेटर किती दाबलाय, सायलेन्सरमधून जाणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती उरलाय. मग मेमरीत साठवलेल्या तक्त्यांवरून हिशोब करतो. शेवटी इंजेक्टरला किती वेळ उघडायचं आणि स्पार्क नेमका कधी द्यायचा, याचा आदेश सोडतो. हे सगळं सेकंदात कितीतरी वेळा घडतं.

पूर्वी हे काम कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटर करायचे. मिस्त्री कानाने आवाज ऐकून स्क्रू फिरवायचा आणि गाडी 'ट्यून' व्हायची. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसं इतक्या ढोबळ पद्धतीने भागेना. भारतात १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ लागू झालं आणि १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६. एप्रिल २०२३ पासून नव्या मॉडेलना प्रयोगशाळेसोबत प्रत्यक्ष रस्त्यावरच्या उत्सर्जनाचीही चाचणी द्यावी लागते. इतकं नेमकं नियंत्रण कॉम्प्युटरशिवाय शक्य नाही.

चेक इंजिनचा दिवा लागला म्हणजे ईसीएम बिघडला का?

नाही. बहुतेक वेळा अर्थ उलटा असतो. ईसीएम काम करतोय म्हणूनच तो दिवा लावू शकतो. त्याला कुठल्यातरी सेन्सरचं किंवा सर्किटचं गणित जुळत नाही, एवढंच तो सांगत असतो.

डॅशबोर्डखाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं, त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. तिथे स्कॅनर लावला की कोड दिसतात. कोडचं पहिलं अक्षर 'पी' असेल तर तक्रार इंजिन किंवा गिअरबॉक्सची आणि 'यू' असेल तर कॉम्प्युटरच्या आपसातल्या संपर्काची. पुढचा आकडा शून्य असेल तर तो सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड असतो. एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा, ज्याचा अर्थ साध्या स्कॅनरला कळेलच असं नाही.

गोंधळ इथेच सुरू होतो. कोड ही तक्रार असते, निकाल नसतो.

उदाहरणार्थ, 'पी ०३३५' हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटचा आहे. तो आला की सेल्फ लागतो, इंजिन फिरतं, पण गाडी चालू होत नाही. या कोडचा अर्थ 'क्रँक सेन्सर खराब' असा नाही. सेन्सर खराब असू शकतो, त्याची वायर तुटलेली असू शकते, कनेक्टरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं, सेन्सरसमोरच्या दात्यांच्या रिंगवर लोखंडाचा कीस चिकटलेला असू शकतो. या सगळ्यानंतर, अगदी शेवटी, ईसीएमचा नंबर लागतो. कोड बघून थेट पार्ट बदलणं म्हणजे ताप आहे म्हणून तपासणी न करताच औषध देण्यासारखं आहे.

मग ईसीएमवर संशय कधी घ्यायचा?

जाणकार इलेक्ट्रिशियन ईसीएमला यादीत सगळ्यात खाली ठेवतात. त्यांचा क्रम साधारण असा असतो.

पहिली पायरी बॅटरीची. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीत साधारण १२.६ व्होल्ट असतात आणि इंजिन चालू असताना सुमारे १३.८ ते १४.५ व्होल्ट. सेल्फ मारताना व्होल्टेज साधारण ९.६ च्या खाली घसरत असेल तर कॉम्प्युटर मध्येच रीसेट होऊ शकतो आणि भलतेसलते कोड दाखवू शकतो. थकलेल्या बॅटरीने निरोगी ईसीएमला बदनाम केलं, असं बऱ्याचदा घडतं.

दुसरी पायरी अर्थिंगची. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंत, हेडलाइट आणि पंखा चालू ठेवून मीटर लावला तर फरक ०.२ व्होल्टपेक्षा कमी दिसायला हवा. जास्त दिसला तर अर्थची वायर गंजलीय किंवा नट ढिला आहे. हा दोष फुकटात किंवा किरकोळ खर्चात जातो.

तिसरी पायरी फ्यूज आणि रिलेची. इथे एक गंमत आहे. स्कॅनर गाडीशी बोलतच नसेल तर 'ईसीएम मेला' असं लगेच जाहीर होतं. बऱ्याच गाड्यांमध्ये मात्र ओबीडी पोर्टला वीज देणारा फ्यूज आणि मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटचा फ्यूज एकच असतो. स्वस्त चार्जरने तो उडवला की स्कॅनर गप्प होतो. इंजिनचा कॉम्प्युटर तेव्हा ठणठणीत असतो.

चौथी पायरी पाच व्होल्टची. ईसीएम अनेक सेन्सरना एकाच पाच व्होल्टच्या लाइनवर वीज पुरवतो. त्यातला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की सगळी लाइन बसते. मग चार-पाच सेन्सरचे कोड एकदम येतात आणि वाटतं की कॉम्प्युटरच गेला. उपाय सोपा आहे. सेन्सरचे कनेक्टर एकेक करून काढायचे आणि मीटरकडे बघायचं. ज्या क्षणी पाच व्होल्ट परत येतात, त्या क्षणी चोर सापडतो.

पाचवी पायरी कॉम्प्युटरच्या आपसातल्या लाइनची. बॅटरी काढून ओबीडी पोर्टच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजला तर बहुतेक गाड्यांमध्ये तो सुमारे ६० ओहम येतो. १२० आला तर लाइन कुठेतरी तुटलीय आणि शून्याजवळ आला तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात.

एवढं सगळं बरोबर निघालं, ईसीएमला वीज आणि अर्थ नीट मिळतोय, आणि तरीही तो बोलत नाही, सगळे सेन्सर काढल्यावरही पाच व्होल्ट देत नाही, किंवा 'पी ०६०१', 'पी ०६०६' असे स्वतःच्या मेमरीचे आणि प्रोसेसरचे कोड पुसल्यावरही पुन्हा देतोय, तर मात्र संशय खरा मानायला हरकत नाही.

वायरिंगचा दोष किती मोठा असू शकतो, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्राने एक्सयूव्ही ७०० च्या १ लाख ८ हजार ३०६ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. कारण होतं इंजिनच्या भागातल्या वायरिंगचं. ती घासून कापली जाण्याची शक्यता होती. आधुनिक गाडीचा कमकुवत दुवा अनेकदा कॉम्प्युटर नसून त्याच्यापर्यंत जाणारी वायर असते.

ईसीएम खरंच खराब होतो तेव्हा कशामुळे?

पहिलं कारण पाणी. त्र्यंबक हा जिल्ह्यातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी एक आहे. साचलेल्या पाण्यातून गाडी जोरात काढली, किंवा चिखल उडाला म्हणून प्रेशर पंपाने थेट इंजिनवर पाणी मारलं, की कनेक्टरच्या सीलमधून ओल आत शिरते. पिना हिरव्या पडतात. कधी पाणी वायरच्या आतून सरकत डब्यापर्यंत पोहोचतं. गाडी त्या दिवशी चालते आणि महिन्याभराने बंद पडते, म्हणून कारण लक्षातही येत नाही.

दुसरं कारण उंदीर. पार्किंगमध्ये चार दिवस उभी राहिलेली गाडी, आत उबदार जागा आणि कुरतडायला वायरी. सोललेल्या वायरी एकमेकींना लागल्या की फटका थेट ईसीएमला बसू शकतो.

तिसरं कारण माणूस. बॅटरी उतरल्यावर जंपर उलटे लावणं, इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढणं, बॅटरी न काढता चॅसीवर वेल्डिंग करणं, किंवा हॉर्न आणि लाइटसाठी मूळ वायर सोलून जोड देणं.

चौथं कारण बाहेरचा पार्ट. इग्निशन कॉइल किंवा इंजेक्टर आतून शॉर्ट झाला की त्याला चालवणारा ईसीएममधला ट्रान्झिस्टर जळतो. साध्या पेट्रोल गाडीच्या इंजेक्टरचा रेझिस्टन्स बहुधा १२ ते १६ ओहम असतो. तो न मोजताच नवा ईसीएम बसवला तर नवाही तसाच जळू शकतो. अशा वेळी ग्राहक दोनदा पैसे भरतो.

दुरुस्ती होऊ शकते का?

बऱ्याच वेळा होते. डबा उघडून मायक्रोस्कोपखाली बोर्ड बघितला की गंज, जळलेला ट्रान्झिस्टर, फुगलेला कपॅसिटर किंवा तडकलेला सोल्डर दिसतो. गंज साफ करता येतो, सुटा भाग बदलता येतो. मग गाडीत बसवण्याआधी टेबलावरच कृत्रिम सिग्नल देऊन चाचणी घेता येते. मूळ प्रोसेसरच गेला असेल किंवा बोर्ड जेलमध्ये पूर्ण बुडवलेला असेल तर काम अवघड होतं.

खरी अडचण वेगळीच आहे. किल्लीतली चिप आणि ईसीएम यांची जोडी ठरलेली असते, त्याला इमोबिलायझर म्हणतात. दुसऱ्या गाडीचा ईसीएम आणून लावला तर सेल्फ फिरेल, पण इंजिन चालू होणार नाही. त्यासाठी जुन्या ईसीएममधला डेटा नव्यात कॉपी करावा लागतो किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरने नव्याने जोडणी करावी लागते. हे सॉफ्टवेअर बहुधा अधिकृत सर्व्हिस सेंटरकडेच असतं.

हे कुलूप नेमकं कशासाठी?

कंपन्या दोन कारणं देतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिलं चोरीचं. गाड्या चोरणाऱ्या टोळ्या ईसीएम बदलून गाडी पळवतात, असं पोलिस तपासांत पुढे आलंय. दुसरं प्रदूषणाचं. 'रीमॅप' करून पिकअप वाढवण्याच्या नादात धुराची पातळीही वाढते.

पण बंद डब्याची दुसरी बाजूही जगाने पाहिली आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनचा घोटाळा उघड झाला. चाचणी सुरू आहे हे डिझेल गाड्यांच्या ईसीएममधलं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचं. भारतात पुण्याच्या 'एआरएआय' या संस्थेने तपासणी केली. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने देशातल्या सुमारे ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावण्याची घोषणा केली. इथे सॉफ्टवेअरमध्ये फेरफार गल्लीतल्या गॅरेजने नव्हे, तर खुद्द कंपनीने केला होता. त्यामुळे 'आमच्याशिवाय कुणालाही आत बघू देऊ नका' हा युक्तिवाद पूर्वीइतका भक्कम राहिला नाही.

कायदा कुणाच्या बाजूने?

भारतात या विषयावरचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय २५ ऑगस्ट २०१४ चा आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि दोष शोधण्याची उपकरणं स्वतंत्र गॅरेजपर्यंत पोहोचू न देणं, हा ठपका होता. आयोगाचं म्हणणं होतं की गाडी घेताना ग्राहकाला दहा कंपन्यांचा पर्याय असतो, पण गाडी घेतल्यावर त्या गाडीच्या पार्टसाठी तो एकाच कंपनीच्या हातात असतो.

केवळ बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही आयोगाने बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या प्रकरणात ठपका कायम ठेवला, दंडाचा हिशोब मात्र कमी केला.

पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. शेती अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणांसोबत वाहनंही तिच्या यादीत होती. डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू झालं. स्वतंत्र कायदा मात्र झालेला नाही.

तुलनेसाठी, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनीच असा कायदा मंजूर केला. त्यानुसार डीलरला मिळणारी दुरुस्तीची माहिती आणि साधनं वाजवी दरात स्वतंत्र गॅरेजलाही द्यावी लागतात. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये निकाल दिला की स्वतंत्र गॅरेजने ओबीडी पोर्ट वापरण्यावर कंपन्यांना कायद्यात नसलेल्या जादा अटी लादता येणार नाहीत.

त्र्यंबकेश्वरसाठी याचा अर्थ काय?

नाशिकहून त्र्यंबकला निघालं की वाटेत सातपूर औद्योगिक वसाहत लागते. तिथे महिंद्राचा गाड्यांचा कारखाना आहे आणि डिझेल इंजिनचे इंजेक्टर बनवणारा बॉशचाही, ज्याला जुने नाशिककर आजही 'मायको' म्हणतात. इंजिनवर काम करू शकणाऱ्या कुशल हातांची या पट्ट्यात कमी नाही. कमी आहे ती माहितीची आणि अधिकृत सॉफ्टवेअरची.

त्र्यंबकमध्ये किंवा मोखाडा-जव्हारच्या रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीसमोर मग दोनच वाटा उरतात. टोचन लावून सुमारे २८ किलोमीटरवरच्या नाशिकला न्यायची, किंवा जवळच्या गॅरेजमध्ये अंदाजाने पार्ट बदलून बघायचे. पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद असताना पहिली वाटही खुली नसेल. जवळच्या गॅरेजला सर्किटचा नकाशा मिळाला, तर तिथलाच इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात सांगू शकेल की दोष ईसीएममध्ये आहे की शंभर रुपयांच्या कनेक्टरमध्ये.

'ईसीएम गेला' असं सांगितलं तर काय कराल?

• कोड नेमके कोणते आले, ते लिहून किंवा फोटो काढून घ्या. तपासणीआधी कोड पुसू देऊ नका.

• बॅटरी, अर्थिंग, फ्यूज आणि पाच व्होल्टची लाइन तपासली का, हे विचारा. 'स्कॅनरने सांगितलं' हे उत्तर पुरेसं नाही.

• ईसीएम जळला असेल तर कशामुळे जळला, हे विचारा. कारण सापडल्याशिवाय नवा बसवू नका.

• दुरुस्तीला पाठवण्याचा पर्याय आहे का, ते बघा. बदललाच तर जुना ईसीएम परत मागा, त्यात तुमच्या गाडीचा डेटा असतो.

• सेकंडहँड ईसीएम घेताना तो कुठल्या गाडीचा आहे याची लेखी पावती घ्या. चोरीचा माल असू शकतो.

• बिल मागा. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं.

• आणि पावसाळ्यात इंजिनवर प्रेशर पंपाने पाणी मारू नका.

२०२७ च्या पावसाळ्यात त्र्यंबकच्या रस्त्यावर किती गाड्या बंद पडतील, हे आज सांगता येणार नाही. त्यातल्या किती तिथल्या तिथे सुरू होतील, हे मात्र जवळच्या गॅरेजच्या हातात तोवर काय पोहोचतं यावर अवलंबून आहे. स्पर्धा आयोगाने ते पोहोचवायला २०१४ मध्येच सांगितलं होतं.